उसाच्या कांड्यातले जिवाणू डीएनएवरून ओळखताना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पीएचडीचा विषय उसाच्या कांड्यात राहणारे जिवाणू. वाण को ८६०३२. बेण्याला ॲसिटोबॅक्टर हा हवेतला नत्र बांधणारा जिवाणू लावलेले आणि न लावलेले असे दोन्ही प्रकारचे प्लॉट आहेत. कांडी वरून निर्जंतुक करून डीएनए काढला आणि १६एस या जिवाणू ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जीनच्या व्ही३-व्ही४ भागाचं सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेतलं. अहवालात नव्वद टक्क्यांहून जास्त रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) क्लोरोप्लास्ट आणि मायटोकाँड्रियाचे निघाले. मार्गदर्शक डीजीजीई (डीएनएचे तुकडे जेलवर पट्ट्यांत वेगळे करायची पद्धत) सुचवतात, मित्र थेट मेटाजिनोम, म्हणजे नमुन्यातला सगळाच डीएनए वाचायला सांगतो. आता काय करावं, आणि लावलेला ॲसिटोबॅक्टर आत स्थिरावला हे कसं दाखवावं?

सिक्वेन्सिंग करणाऱ्यांचं काही चुकलेलं नाही आणि तुमचा डीएनएही खराब नाही. तुम्ही जे मागितलं तेच मिळालं आहे. क्लोरोप्लास्ट हा सायनोबॅक्टेरियांचा वंशज आणि मायटोकाँड्रिया अल्फाप्रोटिओबॅक्टेरियांच्या घराण्यातला. दोघांनीही आपला रायबोसोमचा जीन अजून जपून ठेवला आहे आणि तो जिवाणूंच्या १६एसशी इतका जुळतो की ३४१एफ-८०५आर ही प्रायमरची जोडी (प्रायमर म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणारी पीसीआर जिथून सुरू होते ते छोटे तुकडे) तिन्हींत फरक करत नाही. मातीसाठी, पाण्यासाठी हेच प्रायमर उत्तम चालतात. झाडाच्या आत शिरलात की ते झाडालाच मोजू लागतात.

कांड्याचा गाभा पांढरा असताना क्लोरोप्लास्ट आला कुठून, असंही तुम्ही विचारलं आहे. गाभ्यातल्या पेशींत हिरवा रंग नसला तरी रंगहीन प्लास्टिड असतातच आणि त्यांचा जीनोम पानातल्या क्लोरोप्लास्टचाच असतो. उसाचा हा जीनोम सुमारे १ लाख ४१ हजार बेसजोड्यांचा आहे. त्यात एक मोठा भाग उलटा होऊन दोनदा येतो आणि १६एस नेमका त्या भागात असल्यामुळे एका जीनोमवर त्याच्या दोन प्रती असतात. एका पेशीत अनेक प्लास्टिड, प्रत्येक प्लास्टिडमध्ये जीनोमच्या अनेक प्रती. पीसीआर सुरू होण्याआधीच जिवाणू संख्येत हरलेले असतात.

माझं सगळं म्हणणं एका गोष्टीभोवती आहे, ती आधीच सांगतो. तुमच्या ट्यूबमध्ये उसाचा डीएनए आहे, कांड्याच्या सालीवर मेलेल्या जिवाणूंचा डीएनए आहे, किटच्या आणि पाण्याच्या बाटलीतून आलेला डीएनए आहे, आणि या तिघांच्या खाली कुठेतरी उसाच्या आत खरोखर राहणाऱ्या जिवाणूंचा डीएनए आहे. मशीन कोणतं घ्यायचं हा दुय्यम प्रश्न. पहिले तीन वाटे तुम्ही कसे वजा करता आणि ते वजा झाले हे कसं दाखवता, यावर तुमचा प्रबंध उभा राहील.

हातात आलेला डेटा टाकून देऊ नका. डाडा२ हे सॉफ्टवेअर चालवून एएसव्ही (एकमेकांपासून वेगळे नेमके क्रम) काढा, सिल्वा डेटाबेसवर त्यांची ओळख लावा, क्लोरोप्लास्ट आणि मायटोकाँड्रिया गाळा आणि नमुन्यागणिक किती रीड्स उरतात ते पाहा. पन्नास हजारांतले अडीच हजार उरले तरी कांड्यासारख्या जागेसाठी ते निरुपयोगी नसतात. रेअरफॅक्शनचा (रीड्स वाढल्यावर नवे जिवाणू मिळत राहतात का हे दाखवणारा) आलेख सपाट होतो का ते बघून ठरवा. एक सापळा मात्र नीट समजून घ्या. वनस्पतीचा मायटोकाँड्रिया डेटाबेसमध्ये नेहमी बरोबर ओळखला जात नाही. तो "अनोळखी अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया" किंवा "रिकेट्सियालिस" अशा नावाखाली लपून बसतो, आणि मग उसात नवीन रिकेट्सिया सापडल्याचा आनंद होतो. ज्या एएसव्हीला कुळापर्यंतही नाव मिळालेलं नाही आणि जी प्रत्येक नमुन्यात भरपूर आहे, ती हाताने ब्लास्ट करून, म्हणजे डेटाबेसमधल्या क्रमांशी जुळवून बघा. बहुतेक वेळा ती उसाची किंवा ज्वारीची मायटोकाँड्रिया निघते.

पुढच्या फेरीसाठी प्रायमर बदला. २००१ मध्ये चेलियस आणि ट्रिप्लेट यांनी मक्याच्या मुळांवर काम करताना ७९९एफ हा प्रायमर तयार केला. क्लोरोप्लास्टच्या जीनमध्ये त्या जागी काही बेस वेगळे असल्यामुळे तो तिथे चिकटत नाही. मायटोकाँड्रियावर तो चिकटतो, पण वनस्पतीच्या मायटोकाँड्रियात त्या जीनच्या मधे जास्तीचा तुकडा घुसलेला असल्यामुळे तयार होणारा भाग लांब निघतो. ७९९एफ बरोबर १४९२आर घेतला तर जिवाणूंचा तुकडा सुमारे ७३५ बेसजोड्यांचा आणि मायटोकाँड्रियाचा सुमारे १०९० चा. इल्युमिनाच्या सिक्वेन्सिंग मशीनवर दोन्ही बाजूंनी ३०० बेस वाचायचे असतील तर ७९९एफ-११९३आर ही जोडी सोयीची. तिथे जिवाणूंचा तुकडा सुमारे ४०० आणि मायटोकाँड्रियाचा जवळपास ८०० भरतो. दोन टक्क्यांच्या ॲगरोज जेलवर हे दोन बँड हातभर लांबून ओळखता येतात: वरचा उसाचा, खालचा तुमचा. खालचा कापून घ्यायचा. कापताना लांब तरंगलांबीचा यूव्ही वापरा, प्रत्येक नमुन्याला नवं ब्लेड घ्या, आणि दोन नमुन्यांमध्ये एक लेन रिकामी सोडा. ॲसिटोबॅक्टर लावलेला आणि न लावलेला नमुना तर कधीही शेजारी-शेजारी चालवू नका. जेलमधून शेजारच्या लेनमध्ये डीएनए सहज जातो आणि तुमचा सगळा निष्कर्ष नेमक्या त्याच फरकावर उभा आहे.

७९९एफ ची किंमतही मोजावी लागते. खरे सायनोबॅक्टेरिया त्यातून जवळजवळ वगळले जातात, आणि तुमची आकडेवारी व्ही३-व्ही४ वर काम केलेल्या कोणाच्याही आकडेवारीशेजारी ठेवता येत नाही. दुसरा मार्ग पीएनएचा आहे. २०१३ मध्ये लुंडबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवला तो. पीएनए म्हणजे डीएनएसारखाच पण वेगळ्या कण्याचा कृत्रिम रेणू. तो क्लोरोप्लास्टच्या किंवा मायटोकाँड्रियाच्या जीनवर घट्ट बसतो आणि पॉलिमरेजला पुढे जाऊ देत नाही. पीसीआरच्या चक्रात ७५ ते ७८ अंशांची एक छोटी पायरी वाढवली की काम होतं, आणि प्रायमर तुमचे तेच राहतात. फक्त बाजारात मिळणारा पीएनए दुसऱ्या झाडांच्या जीनवरून बनवलेला असतो. एका बेसचा फरक असला तरी त्याची पकड सुटते. सूर्यफुलाच्या कुळातल्या झाडांत असं घडल्याचं नोंदलेलं आहे. मागवण्याआधी त्याचा क्रम उसाच्या क्लोरोप्लास्ट आणि मायटोकाँड्रियाच्या क्रमाशी जुळवून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. कांड्यासाठी मला स्वतःला ७९९एफ-११९३आर आणि जेल हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. पानासाठी मी पीएनए घेईन.

आता जिथे खरा घोळ होतो तिथे येऊ. तो प्रयोगशाळेत होत नाही, शेतात होतो.

ऊस उभा असताना त्याच्या जलवाहिन्यांत ताण असतो. कोयत्याचा घाव बसला की तो ताण सुटतो आणि कापलेल्या तोंडावर जे काही ओलं असेल ते आत ओढलं जातं: कोयत्यावरची माती, पाचटाखालचा ओलावा, सगळं. म्हणून हवं त्यापेक्षा दोन-दोन पेरं वर आणि खाली सोडून लांब तुकडा कापा आणि बाजूची कांडी प्रयोगशाळेत टाकून द्या. निर्जंतुक करतानाही हीच अडचण येते. उघड्या तोंडाचं कांडं हायपोक्लोराइटमध्ये बुडवलं तर द्रावण वाहिन्यांतून आत चढतं आणि ज्यांचा अभ्यास करायचा तेच मरतात. दोन्ही तोंडं आधी वितळलेल्या पॅराफिनने बंद करा, मगच बुडवा.

वेळेचं भान तर साखर कारखान्यातल्या माणसाला जास्त असतं. तोडलेला ऊस पडून राहिला की ल्युकोनोस्टॉक हा जिवाणू वाढतो, डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार होतो आणि कारखान्यात गाळणं, रवा धरणं अवघड होतं. तोच ल्युकोनोस्टॉक तुमच्या नमुन्यातही वाढणार आहे. ऊस दुपारी तोडून गाडीच्या डिकीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत सोलला, तर तुम्ही रात्रभर आंबलेल्या उसाचा अभ्यास करता. बर्फाच्या पेटीत आणा, त्याच दिवशी सोला आणि गाभ्याचे बारीक तुकडे उणे ८० ला टाका.

सालीचं म्हणाल तर रसायनावर फार विसंबू नका. सत्तर टक्के अल्कोहोल जिवाणू मारतं, पण त्यांचा डीएनए जागेवरच राहतो आणि पीसीआरला मेलेला-जिवंत कळत नाही. हायपोक्लोराइट डीएनएही तोडतं, म्हणून ते हवंच. पण पेराच्या खाचेत, मेणचट पापुद्र्याखाली, डोळ्याच्या मागे ते पोचत नाही. उसाच्या बाबतीत आपल्याला एक सोय आहे जी गव्हाच्या पानावर काम करणाऱ्याला नाही: साल काढून टाकता येते. हायपोक्लोराइट, मग निर्जंतुक पाण्याने धुणं, मग ज्योतीवरून काढलेल्या सुरीने साल जाडसर सोलणं, मग दुसऱ्या सुरीने गाभ्याचे करवे करणं. सुरी बदलायची हे विसरू नका. सालीवरची सुरी गाभ्याला लागली की सगळं व्यर्थ. शेवटच्या धुण्याचं पाणी प्लेटवर पसरून तर बघाच, पण त्यातून डीएनए काढून त्याचीही पीसीआर करा आणि तो नमुना सिक्वेन्सिंगलाही पाठवा. फक्त "प्लेटवर वाढ नाही" एवढ्यावर रेणवीय अभ्यास स्वीकारला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डीएनए काढताना उसाचे दोन त्रास आहेत, साखर आणि फिनॉल. द्रव नायट्रोजनमध्ये कुटलेला गाभा बफरमध्ये पडला की काही मिनिटांत तपकिरी होतो आणि शेवटी अल्कोहोल घातल्यावर पांढऱ्या धाग्यांऐवजी चिकट, शेंबडासारखा गोळा येतो. तो डीएनए पीसीआर अडवतो. डीएनए काढायच्या सीटॅब बफरमध्ये पीव्हीपी आणि मरकॅप्टोइथेनॉल घाला, मिठाचं प्रमाण जास्त ठेवा, शेवटी स्तंभावरून एकदा शुद्ध करा. नुसतं सीटॅब वापरलं तर जाड भिंतीचे ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू फुटतच नाहीत. लायसोझाइम आणि काचमण्यांनी हलवणं दोन्ही करा. नमुना दहापट पातळ करून पुन्हा पीसीआर लावा: पातळ केल्यावर बँड ठळक झाला तर अडथळा अजून शिल्लक आहे.

उसाचा डीएनए मुळातच कमी करायची एक सुंदर युक्ती आहे आणि ती फारशी वापरली जात नाही याचं मला वाईट वाटतं. कांड्याच्या पेशींमधल्या मोकळ्या जागेत साखरेचं पाणी असतं आणि ॲसिटोबॅक्टर तिथे राहतो, हे १९९४ मध्ये डाँग, कॅनी आणि मकली यांनी दाखवलं. कांड्याचे तुकडे निर्जंतुक ट्यूबमध्ये टांगून मंद वेगाने सेंट्रिफ्यूज केले की पेशी न फुटता तो द्रव खाली जमतो. त्यात पेशींचा मालमसाला फार थोडा येतो. जलवाहिन्यांच्या भिंतीला किंवा पेशींना चिकटलेले जिवाणू यातून सुटतात, म्हणून हा पूर्ण चित्राला पर्याय नाही. पण कुटलेल्या गाभ्याच्या जोडीला हा दुसरा नमुना ठेवला तर तुमच्या प्रबंधाला वेगळीच धार येईल.

किटमधल्या डीएनएबद्दल २०१४ मध्ये सॉल्टर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला आणि त्याने अनेकांची झोप उडवली. शुद्ध म्हणून विकल्या जाणाऱ्या किटमध्येही जिवाणूंचा डीएनए असतो आणि नमुन्यात जिवाणू जितके कमी तितका त्याचा वाटा मोठा. वनस्पतीवाल्यांसाठी ही गोष्ट दुप्पट जाचक आहे. किटमध्ये वारंवार सापडणारी नावं बघा: ब्रॅडीरायझोबियम, मेथायलोबॅक्टेरियम, स्फिंगोमोनास, रालस्टोनिया. माणसाच्या रक्तात ब्रॅडीरायझोबियम दिसला तर शंका लगेच येते. उसात दिसला तर आपण म्हणतो, "हो, असणारच." आणि तो खरोखर असूही शकतो! निव्वळ नाव वाचून निकाल लावता येत नाही. उपाय एकच: डीएनए काढण्याच्या प्रत्येक खेपेला ऊस न घातलेली एक ट्यूब सोबत चालवायची, पीसीआरचा ब्लँक (नमुना न घातलेली ट्यूब) वेगळा ठेवायचा, धुण्याच्या पाण्याचा वेगळा, आणि हे सगळे बँड दिसो वा न दिसो, सिक्वेन्सिंगला पाठवायचे. मग डीकॉन्टॅमसारख्या आर पॅकेजने तुलना करायची. लावलेल्या प्लॉटचे सगळे नमुने सोमवारी आणि न लावलेल्याचे मंगळवारी दुसऱ्या किटने, असं मात्र कधीही करू नका. मग प्लॉटचा फरक की किटचा, हे जगातलं कुठलंही पॅकेज सांगू शकत नाही.

डीजीजीईबद्दल. तुमच्या मार्गदर्शकांच्या पिढीसाठी ती मोठी गोष्ट होती आणि त्या काळात तिने डोळे उघडले. १९९३ मध्ये मायझर आणि सहकाऱ्यांनी ती जिवाणू समूहांसाठी आणली, आणि ज्यांना प्लेटवर चार-पाच वसाहतींपलीकडे काही दिसत नव्हतं त्यांना पहिल्यांदा अख्खा समूह पट्ट्यांच्या रूपात दिसला. पण तिच्यात समूहाच्या सुमारे एक टक्का असलेले जिवाणूच दिसतात, दोन वेगळ्या जातींचे बँड एकाच उंचीवर बसतात आणि दोन जेल एकमेकांशी जुळवणं कष्टाचं आहे. क्लोरोप्लास्टचा प्रश्न तर तिथेही तसाच राहतो. जेलवरचा सगळ्यात ठसठशीत बँड उसाचाच असतो. आज नव्या प्रबंधासाठी मी तिच्यावर पैसा आणि वेळ घालवणार नाही.

मेटाजिनोमचं गणित कागदावर करून बघा. लागवडीचा ऊस बहुगुणित आहे. त्याच्या एका पेशीत सुमारे १० अब्ज बेसजोड्या असतात. जिवाणूचा जीनोम ५० लाखांचा धरू. म्हणजे उसाची एक पेशी डीएनएच्या हिशेबाने दोन हजार जिवाणूंच्या बरोबरीची. प्रत्येक पेशीमागे एक जिवाणू आहे असं उदारपणे मानलं, तरी १० अब्ज बेस वाचल्यावर जिवाणूंचे ५० लाखच हाती येतात, आणि तेही अनेक जातींत वाटलेले. कुटलेल्या गाभ्यावर मेटाजिनोम करणं म्हणजे उसाच्या जीनोमसाठी पैसे भरणं. आधी जिवाणू वेगळे करता आले, म्हणजे नायकोडेन्झ या दाट द्रावणाच्या थरावर सेंट्रिफ्यूज करून किंवा वर सांगितलेल्या पेशींमधल्या द्रवातून, तर एखाद-दोन निवडक नमुन्यांवर मेटाजिनोम जरूर करा. सगळ्या प्लॉटवर नको.

आता तुमचा मूळ प्रश्न, ॲसिटोबॅक्टर. ब्राझीलमध्ये रिओजवळच्या सेरोपेदिका इथे व्लादिमिर कावल्कांती आणि योहाना ड्योबेराइनर यांनी १९८८ मध्ये उसातून हा हवेतला नत्र बांधणारा, आम्ल आणि भरपूर साखर सहन करणारा जिवाणू वेगळा केला. आपल्याकडे बेणेप्रक्रियेत तो सर्रास वापरला जातो आणि शेतकरी त्याला अजून ॲसिटोबॅक्टरच म्हणतात. तुमच्या तक्त्यात मात्र त्याला ग्लुकोनॲसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस या नावाने शोधा.

१६एसच्या चारशे बेसांवरून तुम्हाला फार तर हा वंश आहे एवढं कळेल. तो बाटलीतून आलेला की त्या शेतात आधीपासूनच असलेला, हे कळणार नाही. त्यात या जातीत आनुवंशिक विविधता कमी असल्याचं १९९४ मध्येच मेक्सिकोतल्या संशोधकांनी दाखवलं आहे, त्यामुळे साध्या डीएनए फिंगरप्रिंटनेही या जिवाणूचे वाण (स्ट्रेन) वेगळे काढणं कठीण. तुम्हाला लागेल ते असं: इनॉक्युलममधल्या, म्हणजे बेण्याला लावलेल्या जिवाणूच्या नेमक्या वाणाचा पूर्ण जीनोम वाचून घ्या. आजच्या दरात हे पीएचडीच्या अर्थसंकल्पात बसतं. तुमच्याच न लावलेल्या प्लॉटमधून त्याच जातीचे काही स्थानिक वाण कल्चर करून त्यांचेही जीनोम वाचा. फक्त लावलेल्या वाणात असलेला तुकडा शोधा, त्यावर प्रायमर आणि प्रोब बनवा आणि क्यूपीसीआरने एका ग्रॅम गाभ्यात किती प्रती आहेत ते मोजा. न लावलेल्या प्लॉटमधल्या उसावर तो प्रायमर गप्प राहिला पाहिजे. तो बोलला, तर तुकडा बदलायचा.

म्हणजे कल्चर सोडायचं नाहीच. अर्धघट्ट एलजीआय-पी माध्यमात, नत्राशिवाय, आम्लाकडे झुकलेल्या पीएचला तो पृष्ठभागाखाली पातळ पापुद्रा धरतो. बटाट्याच्या आणि दहा टक्के साखरेच्या ॲगरवर वसाहती चॉकलेटी होतात. एकदा बघितल्या की विसरत नाहीत. मिळालेले वाण पुण्याच्या एनसीएमआरसारख्या जिवाणूंच्या संग्रहात जमा करा. डेटाबेसमध्ये क्रम टाकून ठेवणं आणि दुसऱ्याला हातात घेता येईल असा जिवंत जिवाणू देणं यांत फार अंतर आहे.

तुमच्या प्लॉटबद्दल एक गोष्ट मला आत्ताच विचारायची आहे: नत्र किती दिलं? आपल्याकडची शिफारस सुरू उसाला हेक्टरी २५० किलो, पूर्वहंगामीला ३४० आणि आडसालीला ४०० किलो नत्राची आहे. ब्राझीलमधले डोस याच्या निम्म्याहूनही कमी असतात. भरपूर नत्र दिलेल्या उसात हा जिवाणू नीट वस्ती करत नाही, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून स्पष्ट झालं आहे. पूर्ण युरिया देऊन ॲसिटोबॅक्टर शोधायला निघालात तर रिकाम्या हाताने परतण्याची तयारी ठेवा, आणि तो निकाल प्रामाणिक असेल. शक्य असेल तर नत्राच्या दोन मात्रांचे प्लॉट ठेवा. तुमच्या प्रयोगातला सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच आहे, कुठल्याही प्रायमरपेक्षा.

आत असणं आणि काम करणं या वेगळ्या गोष्टी. निफएच हा नायट्रोजनेजचा जीन पीसीआरने सापडतो, पण त्यावरून जिवाणूकडे अवजार आहे एवढंच कळतं. शिवाय निफएचसाठी अनेकदा दोन फेऱ्यांची नेस्टेड पीसीआर करतात आणि तिथे रसायनांतलाच निफएच वर येतो. तुमचा ब्लँक बँड देत असेल तर आश्चर्य वाटू देऊ नका, पण तो लपवूही नका. जीन चालू आहे का हे बघायला आरएनए लागतो. जिवाणूंचा संदेशवाहक आरएनए मिनिटांत तुटतो, म्हणून शेतात द्रव नायट्रोजनचा डबा घेऊनच जावं लागतं. अशा आरएनएच्या कामात उसात ब्रॅडीरायझोबियमसारखा निफएच चालू असल्याचं दिसलं आहे, म्हणजे सगळं श्रेय ॲसिटोबॅक्टरला देण्याची घाई नको. खरंच नत्र बांधला जातो का, याचं उत्तर शेवटी १५एन समस्थानिकच देतं.

२००१ मध्ये सेव्हिला आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग तुम्ही मुळातून वाचाच. त्यांनी निर्जंतुक रोपांना एकदा मूळ जिवाणू लावला आणि एकदा त्याचाच नत्र न बांधू शकणारा म्यूटंट. नत्राची टंचाई असताना मूळ जिवाणूची रोपं चांगली वाढली आणि १५एनही त्यांच्यातच सापडला. नत्र पुरेसा दिल्यावर मात्र दोघांचीही रोपं सुधारली. म्हणजे हा जिवाणू नत्राव्यतिरिक्तही काही देतो, बहुधा वाढीची संप्रेरकं. तुमच्या लावलेल्या प्लॉटमध्ये वजन जास्त भरलं आणि क्यूपीसीआरही बोलली, तरी "नत्र बांधल्यामुळे उत्पादन वाढलं" असं लिहायला अजून एक पायरी बाकी असेल.

आकडेवारीत दोनच गोष्टी बजावतो. एकाच उसाची पाच कांडी म्हणजे पाच पुनरावृत्ती नव्हेत. वेगळ्या बेटांतले, वेगळ्या वाफ्यांतले ऊस लागतात. आणि सिक्वेन्सिंग फक्त वाटा सांगतं, संख्या नाही. एका जिवाणूचा वाटा दुप्पट झाला याचा अर्थ बाकीचे निम्मे झाले असाही होतो. म्हणून एकूण १६एसची क्यूपीसीआर किंवा उसात कधीच न आढळणाऱ्या एखाद्या मिठागरातल्या जिवाणूचा मोजून घातलेला डीएनए, यांपैकी काहीतरी जोडीला ठेवा. १६एसच्या प्रतीही सगळ्यांत सारख्या नसतात, काहींत एकच, काहींत पंधरापर्यंत.

जाता जाता, गाळलेल्या तक्त्यात फायटोप्लाझ्मा आणि लायफसोनिया ही दोन नावं शोधा. पहिला गवताळ वाढीचा रोग आणतो, दुसरा खोडव्याची वाढ खुंटवतो. दोन्ही प्लेटवर सहजासहजी येत नाहीत, पण सिक्वेन्सिंगमध्ये दिसतात. लायफसोनिया असलेला ऊस बाहेरून अनेकदा निरोगीच दिसतो. एखाद्या वाफ्यात तो भरपूर निघाला तर समूहातला फरक ॲसिटोबॅक्टरमुळे नसून बेण्यामुळे असू शकतो, आणि ज्यांच्याकडून बेणं घेतलं त्यांनाही कळवायला हवं.

उरलेला डीएनए उणे ८० लाच ठेवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका. त्यातल्या तीन नमुन्यांवर, धुण्याच्या पाण्यावर आणि एका रिकाम्या ट्यूबवर ७९९एफ-११९३आर लावून जेल चालवा. जेलचा फोटो, ब्लँकमध्ये आलेले रीड्स आणि दोन्ही प्लॉटच्या नत्राच्या मात्रा कळवा. मग पुढचे पैसे सिक्वेन्सिंगवर घालायचे की जीनोमवर, ते ठरवता येईल.